पौषात बोथट होणारी सुरी

फोनवर सुरी मागवणारं गिऱ्हाईक पहिला प्रश्न ठरलेलाच विचारतं: धार किती दिवस टिकते? माझं उत्तरही ठरलेलं असायचं. "तुम्ही कंटाळाल, पण धार कंटाळणार नाही." हे वाक्य मला एके काळी फार आवडायचं. शहरातली माणसं त्यावर हसायची आणि एकाऐवजी दोन मागवायची. हल्ली मी नुसतं "टिकते" म्हणतो आणि पत्ता विचारतो.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझा जन्म गेला. पत्रा कापायचे पंच आणि डाय बनवायचे, झिजले की दुरुस्त करायचे. त्यासाठी जे पोलाद वापरतात त्याला आम्ही डी-टू म्हणतो. दिसायला चारचौघांसारखंच, पण झिजायच्या बाबतीत महा हट्टी. पत्र्याचे ढीग कापून झाले तरी त्याची कड जागची हलत नाही. मीही स्वभावाने थोडा तसाच असल्यामुळे आमचं जमलं. डाय बनवून उरलेल्या पट्ट्या भंगारात जायच्या. त्या रीतसर विकत घेऊन मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुऱ्या बनवायला लागलो. पट्टीवर आकार आखायचा, कापायचा, दोन्ही बाजू घासकागदाच्या फिरत्या बेल्टवर उतरत्या घासायच्या. मुठीची भोकं आधीच पाडून घ्यायची, कारण पातं एकदा कडक झालं की ड्रिल आत शिरत नाही. मग शेजारच्या गल्लीतल्या भट्टीतून ते कडक करून आणायचं. लोहार पातं पाण्यात बुडवतो तसं याला बुडवावं लागत नाही, भट्टीतून काढून हवेवर ठेवलं की आपोआप कडक होतं. मूठ शिसवीची, रिवेट पितळी. माझ्या सुऱ्यांवर मी बेहद्द खूश होतो. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे.

त्याआधी आमच्या घरात लोहाराचीच पाती होती. आमच्या भागात घरातली पाती वर्षातून एकदा म्हसा गावच्या, म्हणजे म्हशाच्या जत्रेत लोहाराकडे न्यायची रीत. जत्रा पौषात भरते. पुरुष बैल बघायला जातात, बायका पात्यांचं गाठोडं घेऊन लोहाराच्या भट्टीशी बसतात. विळीचं पातं, कोयती, सुरी. भात कापायचे दातेरी विळे आता दुकानात तयार मिळतात आणि बोथट झाले की फेकून देतात, त्यामुळे गाठोडं पूर्वीपेक्षा लहान झालं होतं. पण आई एक वर्ष चुकवत नसे. लोहार नवरा-बायको दरवर्षी एकाच चिंचेखाली भट्टी लावत. नवरा सांडशीत पातं धरायचा, बायको घण घालायची. ढिगात पाती मिसळू नयेत म्हणून प्रत्येक बाई आपल्या पात्यांच्या मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. आईची चिंधी लाल. मावशीची हिरवी.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. शहापूर तालुक्यात, आसनगावपासून बरंच आत दिलेली. आमच्या दोन घरांमध्ये येणं-जाणं नव्हतं. मावशीच्या मुलीच्या लग्नात, मांडवात टॉवेल-टोपीचा मान देताना माझ्या वडिलांचं नाव मागाहून पुकारलं गेलं. चुकून झालं असेल, मुद्दाम झालं असेल, देवाला माहीत. वडिलांनी टोपी तिथेच खुर्चीवर ठेवली आणि न जेवता ते घरी आले. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे उंबरे एकमेकांना बंद झाले. वडील वारले तेव्हा मावशीचे यजमान मातीला आले, माणसांच्या मागे उभे राहिले आणि कुणाशी न बोलता निघून गेले. त्यानंतर घरातला कर्ता मी. एक फोन केला असता तर सगळं मिटलं असतं. पण आमच्याकडे रुसवा जमिनीसारखा वारसाने येतो, आणि मी तो बिनतक्रार आपल्या नावावर चढवून घेतला. "आधी त्यांनी बोलवावं," मी म्हणायचो. मावशीचे यजमानही तेच म्हणत असणार.

तेव्हा या दोघी बहिणी भेटायच्या त्या म्हशाला, लोहाराच्या चिंचेखाली. जत्रा सगळ्यांची. लोहाराकडे जायला कुणाचं आमंत्रण लागत नाही, आणि कामाला निघालेल्या बाईला "कशाला चाललीस" असं कुणी विचारत नाही. फोन दोन्ही घरांत होते, पण मावशीच्या घरचा फोन सुनेच्या हातात, आणि तोही स्पीकरवर. त्यावर दोघी काय बोलणार? भात किती झालं आणि गुडघा कसा आहे, एवढंच. जत्रेहून येताना मात्र आईच्या पिशवीत मावशीच्या परड्यातल्या वालांची पुरचुंडी असायची. जाताना आई तिच्यासाठी तांदळाच्या फेण्या घेऊन जायची.

हे मला ठाऊक नव्हतं असं म्हटलं तर फार सोयीचं होईल. ठाऊक होतं. आई आली की "मावशी भेटली" एवढं सांगायची आणि मी "हं" म्हणायचो. त्या भेटीला मी कामात धरतच नव्हतो. मला सलायचं ते वेगळंच. आई सकाळच्या पहिल्या टेंपोने जायची आणि दिवेलागणीला परतायची. तीन पात्यांसाठी अख्खा दिवस! माझी नोकरी मिनिटावर चालणारी. एकदा मी बोललोच, "तो लोहार तुला फसवतो. सगळ्यांच्या आधी जातेस आणि तुझी पाती सगळ्यांच्या शेवटी."

"गर्दी आसते रे," आई म्हणाली आणि वाल निवडायला बसली.

आईला सत्तरी लागली तेव्हा मी ठरवलं, आता ही वणवण बंद. घरासाठी डी-टूची तीन पाती केली. कोयतीला लाकडाचे दणके बसतात म्हणून ती जरा नरम ठेवून आणली, नाहीतर धारेच्या कपच्या उडतात. एवढी अक्कल मला होती. आणि तसाच दुसरा संच केला मावशीसाठी. दोन घरांचं वैर असलं तरी मी मावशीला विसरलो नाही, याचं मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. त्या पौषात आई आमची जुनी पाती लोहाराला मोडीत द्यायला आणि मावशीचा नवा संच घेऊन म्हशाला गेली. मी बजावून पाठवलं, "तिला सांग, ही पाती लोहाराच्या हातात द्यायची नाहीत. त्याच्या भट्टीत गेली की मऊ पडतील, सगळं वाटोळं होईल. आणि तशी गरजही पडायची नाही."

संध्याकाळी आई आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली मावशी?"

"हसली," आई म्हणाली.

मला वाटलं, खूश झाली.

वर्ष गेलं. आमची विळी पहिल्या दिवसासारखी चालत होती. लाल भोपळा कापताना आईला पाटावर अंग रेटावं लागत नव्हतं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवायचो. आणि पौष लागला तशी एक गोष्ट घडली. मावशीच्या गावचा एक जण आमच्या कारखान्यात पॅकिंगला होता, रोज किन्हवली, सरळगाव अशा गाड्या बदलत यायचा. तो जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. "तुमची मावशी इचारते," तो म्हणाला, "सुरी बोथट झाली, म्हशाला आणू का?"

मी उडालोच. माझी सुरी, आणि वर्षात बोथट? "मुळीच नाही," मी म्हणालो. "लोहाराला तिथे हात लावू द्यायचा नाही. तुझ्याकडे दे म्हणावं, मी धार लावून पाठवतो." त्याने सुरी आणली, मी बेल्टवर धरली, मग हिऱ्याच्या बारीक पट्टीवर ओढली आणि तिसऱ्या दिवशी परत पाठवली. जत्रेला तेव्हा आठ दिवस बाकी होते. माझ्या सेवेवर मीच खूश.

जत्रेच्या दिवशी टेंपो आमच्या दारावरून हॉर्न देत गेला. आई पडवीत बसून सूप पाखडत होती. नेण्यासारखं काही नव्हतंच, तर ती जाणार कशाला? गेलो मी. मला बैल नको होते, घोंगडी नको होती, लोहाराला माझी सुरी दाखवायची होती. एवढा मोठेपणा हातचा कोण सोडतो? लोहाराने धार नखावर टेकवून पाहिली, पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकला. "लोखंड लय भारी," तो म्हणाला. "पण आमच्या हाताखाली यायचं नाय हे." मला नेमकं हेच ऐकायचं होतं. त्याची बायको घण जमिनीला टेकवून उभी होती. तिने विचारलं, "तुमची आय नाय आली?"

"आता गरज नाय पडत," मी म्हणालो.

"नि ती दुसरी? हिरव्या चिंधीवाली?"

"तिलाही नाय पडायची."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग त्याने दुसऱ्या कुणाचं तरी पातं आगीत सरकवलं आणि मी जिलबी घेऊन घरी आलो. आईने ती शेजाऱ्यांच्या मुलांना वाटून टाकली.

दुसऱ्या वर्षी पौषात पुन्हा तेच. यावेळी निरोप जरा वेगळा होता: सुरी बोथट झाली आहे, म्हशाला आणून तुझ्या आईच्या हातात देते, ती तुला देईल. मी घरी येऊन आईला सांगितलं, "मावशीची सुरी पुन्हा बोथट. काय करते काय ती तिचं?"

"पौष लागला का?" आई म्हणाली. मग म्हणाली, "येऊ दे की तिला म्हशाला. मी जाते नि घेऊन येते."

"एका सुरीसाठी दोन म्हाताऱ्यांनी एवढी धडपड? तो पॅकिंगवाला रोज येतो ना." असं मी म्हणालो, आणि ते मला अगदी शहाणपणाचं वाटलं. सुरी पॅकिंगवाल्याकडून आली, त्याच्याकडूनच गेली. त्या वर्षी वाल मी बाजारातून आणले. ते बरोबर शिजले नाहीत, म्हणून मी जेवताना कुरकुर केली. त्याचीही लाज आता वाटते.

तिसऱ्या वर्षी सुरी हातात आली तेव्हा मी भिंगाखाली धरली. टूलरूमच्या माणसाला झिजेची अक्षरं वाचता येतात. कुठल्या पंचावर पत्रा वाकडा आला, कुठे तेल कमी पडलं, हे मी कडेवरून सांगत असे. मावशीच्या सुरीवर कापण्याची झीज नव्हतीच. धार दगडावर उभी टेकवून, दाबून, मागेपुढे ओढलेली होती. टोकापासून मुठीपर्यंत, सगळीकडे सारखी, चांगली मेहनत घेऊन. धार लावताना पातं तिरपं धरतात, हे पन्नास वर्षं विळीवर बसलेल्या बाईला कळत नसेल का? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला फक्त राग आला. मी एका कागदावर लिहिलं, "मावशी, ही सुरी दगडावर घासायची नसते. वस्तू वापरायची एक रीत असते. पुन्हा अशी केलीत तर मी धार लावून देणार नाही." मावशीला लिहिताना मी "केलीत" असं परक्यासारखं लिहिलं होतं, हेही आठवतं. कागद सुरीभोवती गुंडाळला, रबर लावलं आणि पाठवून दिला. मावशीला वाचता येत नव्हतं. म्हणजे सुनेने तो सगळ्या घरासमोर वाचून दाखवला असणार.

पुढच्या मार्गशीर्षात मावशी गेली. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होती, तिसऱ्या दिवशी शहापूरला दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. आईला घेऊन मी गाडीने गेलो. ज्या उंबऱ्यासाठी एवढी वर्षं "आधी कोण" यावर अडलं होतं, तो मी असाच ओलांडला. कुणी अडवलं नाही. मावशीचे यजमान ओटीवर बसले होते. त्यांनी माझा हात धरला, "ये रे," म्हणाले, आणि सरकून मला जागा दिली. एवढंच होतं ते. मी तिथे बसून मावशीसाठी रडलो की त्या सोपेपणासाठी रडलो, मला सांगता येणार नाही.

दहाव्याला आम्ही पुन्हा गेलो. निघताना मावशीच्या सुनेने आईच्या हातात फडक्यात गुंडाळलेली सुरी दिली. "सासूबाईंनी काढून ठेवली होती," ती म्हणाली. "म्हशाला न्यायची म्हनत होत्या. धुण्याच्या दगडावर घासत बसायच्या. आमाला वाटायचं, धार लावतात." आईने फडकं सोडलं. सुरी बोथट होती, नेहमीसारखी टोकापासून मुठीपर्यंत. आणि मुठीला हिरवी चिंधी बांधलेली होती. लोहाराच्या ढिगात मिसळू नये म्हणून बांधतात तशी, दोन गाठी मारून.

त्या चिंधीने मला जे कळायचं ते कळलं. माझ्या सुरीला लोहार हात लावू शकत नाही हे मावशीला पक्कं माहीत होतं, मीच तर तिला दोनदा बजावलं होतं. तरीही तिने चिंधी बांधली होती.

किन्हवली मागे पडली. सुरी आईच्या मांडीवर होती. शेवटी मीच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"तू ती पाती पाठवलीस ना, त्याच दिशी बोलली ती," आई म्हणाली. "म्हनली, आता गो काय घेऊन यायचं आपून? मग हसली नि म्हनली, मी दगडावर घासून बोथट करीन नि येईन. मी म्हटलं, कर. माज्याकडं तू घरातच, येनाऱ्या-जानाऱ्याला रोज धार दाखवतोस. तुज्यासमोर मला कसं जमनार?"

"आणि लोहार? तुमची पाती शेवटी..."

"आमीच सांगायचो त्याला, आमचं मागून घे. त्याची बायको लय भली. दुपारी चहा करायची आमाला."

मी म्हणालो, "मग मला सांगायचंस ना आई." हे म्हणताना माझा आवाज चढला होता. माझी चूक असली की माझा आवाज चढतो, बायको हे नेहमी सांगते.

"सांगितलं की," आई शांतपणे म्हणाली. "येऊ दे तिला म्हशाला, म्हटलं होतं मी. आनखी कसं सांगायचं आसतं?"

मी सरळगावच्या नाक्यावर गाडी बाजूला घेतली. पुढे चालवता येईना. उजवीकडे म्हशाचा रस्ता फुटतो. नाक्यावर जत्रेच्या पाळण्यांचे लोखंडी खांब भरलेला एक ट्रक उभा होता, म्हणजे पौष आठ-दहा दिवसांवर आला होता. मला वाटलं आई त्या रस्त्याकडे बघेल. तिने बघितलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं लोक म्हणतात. माझा बैल रिकामा नव्हता. माझ्या शहाणपणाने दोन बहिणींचे तीन पौष खाल्ले, आणि चौथ्याची तयारी चिंधी बांधून तशीच राहिली. तिला चार वेळा दगडाशी बसावं लागलं. ते पोलाद किती हट्टी आहे हे माझ्याएवढं कुणाला माहीत? एक कड मारायला तिचे हात किती भरून आले असतील, याचा हिशेब मी अजून करतो आणि तो कधीच पुरा होत नाही.

आईने मुठीची हिरवी चिंधी सोडली. गाठी घट्ट होत्या, वेळ लागला. चिंधी तिने पदराच्या टोकाला बांधून टाकली आणि सुरी माझ्यापुढे धरली.

"घरी गेल्यावर धार लाव हिला," ती म्हणाली. "आता कुठं जायचंय मला?"

मी धार लावली. सुरी आमच्याच स्वयंपाकघरात आहे, आई तिने रोज भाजी चिरते. तिसरं वर्ष चालू आहे. धार अजून उतरलेली नाही.